एकेरीचा खेळाडू

आज मी आपल्याशीं एका बॅडमिंटनपटूविषयीं बोलणार आहें. मी स्वतः खेळाडू नाहीं. मॅट्रिक होऊन अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि पुढचें सबंध आयुष्य नांदेड जिल्ह्यांतील भोकर तालुक्यांत मुलांना हिशेब आणि शुद्धलेखन शिकविण्यांत घालविलें. बॅडमिंटनची रॅकेट मीं हातांत धरली असेल ती फार तर एकाद्या विद्यार्थ्याची वर्गांतून उचलून कपाटांत ठेवण्यापुरती. तेव्हां या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असें आपण विचाराल. अधिकार एवढाच कीं, याच खेळाविषयीं मीं एकदां मोठी चूक केली आहे. ज्यानें चूक केली त्यानें ती उघडपणें सांगावी, म्हणजे दुसऱ्या चौघांची तरी टळते, असा आम्हां शिक्षकांचा नियम आहे. मुलांकडून आम्ही तो कसोशीनें पाळून घेतों. स्वतः मात्र क्वचितच पाळतों.

गोष्ट सुमारें १९९० सालची. भोकर हें मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें तालुक्याचें गांव. बाजार आहे, मोंढा आहे, कचेऱ्या आहेत. त्या दिवसांत आमच्याकडे बॅडमिंटन हा साहेबलोकांचा खेळ समजला जाई. अधिकाऱ्यांच्या वसाहतीच्या आवारांत जमीन चोपून, चुन्याच्या रेघा मारून एक कोर्ट आंखलेलें होतें. वर छप्पर नव्हतें. म्हणून वारा सुटण्यापूर्वीं, उजाडतां उजाडतां, दोन-चार अधिकारी तेथें खेळत. या खेळांतील पिसांच्या चेंडूला शहरांत शटल म्हणतात. आमचीं मुलें त्याला सरळ 'फूल' म्हणतात. खेळून खेळून ज्याचीं पिसें मोडलीं तें फूल अधिकारी कडेला टाकून देत. माझ्या सातवीच्या वर्गांतला एक मुलगा तीं टाकलेलीं फुलें गोळा करी, मोडकीं पिसें दोऱ्यानें बांधी, आणि विजेचा खांब व कडुलिंब यांच्यामध्यें दोरी ताणून संध्याकाळीं खेळत राही. एके दिवशीं साहेबांना एक गडी कमी पडला, म्हणून त्यांनीं या पोराला बोलावलें. वर्षभरांत त्याच्यासमोर त्यांच्यापैकीं एकाचेंही चालेना. नांदेडला जिल्ह्याच्या सामन्यांना तो गेला, दुसऱ्याच फेरींत हरला, आणि परत आल्यावर पुढच्या वर्षीं पुनः जाण्याची परवानगी माझ्याकडे मागूं लागला.

त्याचे वडील मोंढ्यांत हमाली करीत. ते एका दुपारीं शाळेंत आले, वहाणा दाराबाहेर काढून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा. ह्या खेळानं पोट भरतं का?"

मीं क्षणाचाही विचार न करतां उत्तर दिलें, "नाही भरत."

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा पहिल्या बांकावर बसूं लागला. रॅकेटचें काय झालें तें मीं विचारलें नाहीं. पुढें तो शिकला, त्यानें बाजारांत कृषि सेवा केंद्र काढलें, वडिलांची हमाली सोडविली, बहिणींचीं लग्नें केलीं. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर माझा सल्ला खोटा ठरला असें कोणी म्हणणार नाहीं. मीही कितीतरी वर्षें तो प्रसंग माझ्या जमेच्या बाजूलाच धरीत आलों होतों.

मग २०२१ चा जुलै उजाडला. सोयाबीनवर फवारण्याचें औषध घेण्यासाठीं मी त्याच्या दुकानीं गेलों होतों. त्यानें खुर्ची पुसून मला बसविलें आणि वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढें सरकविली. "सर, हे वाचलं का?" एका वृद्ध गृहस्थांचें छायाचित्र होतें. नंदू नाटेकर यांचें २८ जुलै रोजीं पुण्यास, वयाच्या ८८ व्या वर्षीं, निधन झाल्याची ती बातमी होती. मीं विचारलें, "हे कोण?" त्यानें माझ्याकडे पाहिलें. त्या पाहण्यांत राग नव्हता. "सांगलीचे. बॅडमिंटनमधले," एवढेंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची सुटी मोड मोजूं लागला.

श्रोतेहो, ज्या खेळाचा निकाल मीं एका वाक्यांत लावून टाकला होता, त्या खेळांत आपल्याच महाराष्ट्रांत जन्मलेला एवढा मोठा पुरुष होऊन गेला, हें मला ठाऊकच नव्हतें. परीक्षकानें उत्तरपत्रिका न उघडतां गुण द्यावे, तसा तो प्रकार झाला होता. त्या दिवसापासून मीं नाटेकरांविषयीं मिळेल तें वाचलें. त्यांतलें थोडें आपल्याला सांगतों.

नाटेकरांचा जन्म १२ मे १९३३ रोजीं सांगलीस झाला. आरंभीं त्यांचा ओढा टेनिसकडे होता, आणि तोही नुसता हौसेपुरता नव्हे. १९५१-५२ च्या सुमारास कुमारांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेंत ते अंतिम सामन्यापर्यंत पोंचले. तेथें त्यांना वयानें चार वर्षांनीं लहान असलेल्या एका मुलानें हरविलें. त्या मुलाचें नांव रामनाथन कृष्णन. हाच मुलगा पुढें १९६० आणि १९६१ अशीं दोन वर्षें विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. नाटेकरांनीं टेनिस बाजूला ठेवलें आणि ते बॅडमिंटनकडे वळले. येथें मला पहिला धडा दिसतो. हरलेला मुलगा खेळ सोडतो, हें आपण नेहमीं पाहतों. हरल्यावर आपला खेळ कोणता हें ओळखून तिकडे वळणारा मुलगा विरळा. माझा विद्यार्थीही नांदेडला हरूनच आला होता. पण हरल्यानंतर पुढें काय, हें त्याचें त्याला ठरवूं देण्याइतका धीर माझ्यांत नव्हता.

१९५३ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, नाटेकर एकेरींत राष्ट्रीय विजेते झाले. दुसऱ्याच वर्षीं, १९५४ सालीं, इंग्लंडमधील ऑल इंग्लंड स्पर्धेंत ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचले. १८९९ सालीं सुरू झालेली ही स्पर्धा त्या काळीं या खेळाची अनधिकृत जागतिक स्पर्धाच मानली जाई. कारण खरीखुरी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ सालापर्यंत नव्हतीच. मग १९५६ सालीं क्वालालंपूर येथें सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती त्यांनीं जिंकली. परदेशांत बॅडमिंटनचें आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. या विजयाचें मोल कळण्यास एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. देशादेशांमधील सांघिक सामन्यांचा थॉमस चषक १९४९ सालीं सुरू झाला, आणि १९४९, १९५२ व १९५५ असा पहिल्या तिन्ही वेळां तो मलायानेंच जिंकला होता. अशा मलायाच्या भूमीवर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर जिंकणें म्हणजे पहिलवानाच्या तालमींत जाऊन कुस्ती मारून येण्यासारखें होतें.

राष्ट्रीय अजिंक्यपदें त्यांनीं एकूण १७ मिळविलीं : एकेरींत ६, दुहेरींत ६ आणि मिश्र दुहेरींत ५. तीं एकेरीचीं सहा वर्षें सलग नव्हतीं. पद येई, दुसऱ्याकडे जाई, आणि नाटेकर तें पुनः जिंकून आणीत. थॉमस चषकाच्या सामन्यांत ते दहा वर्षांहून अधिक काळ भारतातर्फे खेळले. संघाचें नायकत्वही त्यांनीं केलें. त्या सामन्यांत त्यांनीं एकेरीचे १६ पैकीं १२ सामने जिंकले, दुहेरीचे १६ पैकीं ८. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे या गृहस्थांचा पिंड एकेरीचा होता हें सहज समजतें. १९६१ सालीं केंद्र सरकारनें अर्जुन पुरस्कार सुरू केला. त्या पहिल्याच वर्षाच्या मानकऱ्यांत नाटेकर होते. पुढें १९६६ सालीं जमैकांतील किंग्स्टन येथें राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत बॅडमिंटनचा प्रथमच समावेश झाला, तेथेंही ते भारतातर्फे खेळले.

एकेरीचा पिंड म्हणजे काय, हें मला आधीं उमगत नव्हतें. मी हिशेबाचा मास्तर; म्हणून मीं मापांपासून सुरुवात केली. बॅडमिंटनच्या कोर्टाची लांबी ४४ फूट. दुहेरीसाठीं रुंदी २० फूट, एकेरीसाठीं १७. जाळें मध्यभागीं ५ फूट उंच. म्हणजे एकेरीच्या खेळाडूच्या वांट्याला २२ फूट लांब व १७ फूट रुंद, असा ३७४ चौरस फुटांचा तुकडा येतो. आमच्या सातवीच्या वर्गाची खोली जवळजवळ एवढीच होती. त्या खोलींत मीं चाळीस मुलें बसवीत असें. तेवढी जागा या माणसानें एकट्यानें राखावयाची, आणि तीही समोरच्यानें फूल कोठें टाकावें हें आपल्या हातीं नसतांना.

आतां तें फूल पाहा. बुचाच्या गोट्यांत रोवलेलीं १६ पिसें, आणि सारें वजन साडेपांच ग्रॅमच्या आंत. रॅकेटवरून तें सुटतें तेव्हां त्याचा वेग विलक्षण असतो. २०२३ सालीं सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी या भारतीय खेळाडूच्या फटक्याचा वेग ताशीं ५६५ किलोमीटर मोजला गेला. पण पिसांना हवा अडविते, त्यामुळें कांहीं फुटांतच तो वेग गळून पडतो आणि शेवटीं फूल जवळजवळ सरळ खालीं येतें. म्हणून नुसत्या दांडगाईनें या खेळांत फार दूर जातां येत नाहीं. जोराचा फटका मारण्याचा आविर्भाव करून ऐनवेळीं मनगट आंखडावें आणि फूल जाळ्याला लागून अलगद पलीकडे टाकावें. किंवा हळूच टाकण्याचें सोंग करून तें प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून मागच्या रेघेवर धाडावें. अशा रीतीनें समोरच्याला खोलीच्या चारही कोपऱ्यांत पळवावें आणि मग मोकळी झालेली जागा गांठावी, ही एकेरीची विद्या. नाटेकरांची ख्याति होती ती याच विद्येबद्दल. ज्यांनीं त्यांना खेळतांना पाहिलें ते त्यांच्या मनगटाची, जाळ्याजवळच्या नाजूक हाताची आणि समोरच्याला चकविण्याच्या हातोटीची वाखाणणी करीत. शक्तीचा खेळाडू लवकर थकतो; मनगटाचा खेळाडू पुष्कळ वर्षें टिकतो. १९५३ पासून १९६६ पर्यंत तेरा वर्षांची त्यांची कारकीर्द याची साक्ष देते.

त्या काळची गुणांची पद्धतही सोशिकपणाची कसोटी पाहणारी होती. ज्याच्या हातीं सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. दुसऱ्यानें फेरी जिंकली तर त्याला गुण न मिळतां फक्त सर्व्हिस मिळे. डाव सामान्यतः १५ गुणांचा. त्यामुळें दोघे तुल्यबळ असले म्हणजे फेरीमागून फेरी झडे, अंगाचें पाणी पाणी होई, आणि फळ्यावरचा आंकडा जागचा हालत नसे. २००६ सालीं ही पद्धत जाऊन प्रत्येक फेरीला गुण देणारी २१ गुणांची पद्धत आली. जुन्या पद्धतींत खेळलेल्या माणसाला एक गोष्ट कळलेली असे : आपण मेहनत करीत आहों, चुकत नाहीं, तरीही आंकडा वाढत नाहीं, असा काळ येतो, आणि तो काळ म्हणजे हार नव्हे. मोंढ्यांत पोतीं वाहणाऱ्या बापाला हें समजावून सांगावें लागलें नसतें. त्याचें सारें आयुष्य त्याच पद्धतीनें चाललें होतें.

आतां त्या बापाच्या प्रश्नाकडे येऊं. या खेळानें पोट भरतें का? नाटेकरांच्या काळापुरतें बोलावयाचें तर माझें उत्तर बरोबर होतें. तो काळ हौशी खेळाडूंचा होता. मोठमोठ्या स्पर्धांत भाग घ्यावयाचा तर खेळाबद्दल पैसा घेणें निषिद्ध होतें. करंडक घरीं येई, पण करंडक शिजवून खातां येत नाहीं. खेळाडूला उपजीविका दुसरीकडे शोधावी लागे. आणि नशिबाचा फेरा आला तर खेळ एका दिवसांत संपे. लाहोरचे प्रकाश नाथ १९४७ सालीं ऑल इंग्लंड स्पर्धेच्या एकेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचले. तेथवर जाणारे ते पहिले भारतीय. त्या सामन्याच्या दिवशीं त्यांना वर्तमानपत्रांतून कळलें कीं, आपलें लाहोर पेटलें आहे. ते स्वीडनच्या कॉनी जेप्सन यांच्याकडून हरले. पुढें फाळणींत घरदार गेलें आणि त्यांनीं खेळच सोडला. त्याच सुमारास आमच्या मराठवाड्यांतही रझाकारांच्या भयानें माणसें गांवें सोडून जात होतीं. अशा वेळीं खेळ ही गोष्ट किती हलकी ठरते, हें आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांना चांगलें ठाऊक होतें. माझें 'नाही भरत' हें उत्तर त्यांच्याकडूनच माझ्याकडे आलेलें होतें.

पण मीं तें उत्तर दिलें १९९० सालीं, आणि तोपर्यंत काळ पालटला होता. १९८० सालीं प्रकाश पदुकोण यांनीं इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंग यांना हरवून ऑल इंग्लंड जिंकली होती, आणि ते डेन्मार्कमध्यें जाऊन व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळूंही लागले होते. नाटेकरांच्या पिढीला जें करतां आलें नव्हतें तें त्यांनीं दहा वर्षांपूर्वींच करून दाखविलें होतें. १९९२ सालीं बार्सिलोना येथें ऑलिंपिकमध्यें बॅडमिंटनला पदकें सुरू झालीं. १९९४ सालीं बंगळूरांत पदुकोणांची प्रशिक्षणसंस्था निघाली. २००१ सालीं पुलेला गोपीचंद यांनीं, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या असतांनाही, ऑल इंग्लंड जिंकली. आणि पुढें त्यांनीं प्रशिक्षणसंस्था काढली ती हैदराबादेस, म्हणजे आमच्या भोकरहून मुंबईपेक्षां कितीतरी जवळ. मी उत्तर देत होतों तेव्हां यांतलें कांहीं घडून गेलें होतें, कांहीं घडण्याच्या बेतांत होतें, आणि मीं मात्र वर्तमानपत्राचें खेळाचें पान कधीं उलगडून पाहिलें नव्हतें.

आणि हा खेळ आपल्याला परकाही नव्हता. त्याला नांव मिळालें तें इंग्लंडांतील बॅडमिंटन नांवाच्या वाड्यावरून. पण १८७० च्या दशकांत त्याचे आरंभीचे नियम ठरले ते आपल्या पुण्याच्या छावणींत, आणि कांहीं काळ या खेळाला 'पूना' असेंच म्हणत. पुण्याचे क्रिकेटपटू प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या मुलींनीं १९४० च्या दशकांत राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं, ज्या काळीं मुलीनें घराबाहेर खेळावें कीं नाहीं यावरच वाद चालत. तेव्हां हा साहेबलोकांचा खेळ, ही आमची समजूतही अर्धीच खरी होती.

याचा अर्थ असा नव्हे कीं, आज मी प्रत्येक बापाला 'पोरगा खेळूं द्या, पैसा मिळेल' असें सांगावें. तें दुसऱ्या टोंकाचें खोटें होईल. आज व्यावसायिक खेळाडूला बक्षिसें मिळतात, प्रायोजक मिळतात, सरकारी व सार्वजनिक उद्योगांत नोकऱ्याही मिळतात. परंतु त्या मळ्यांत पेरणारे हजारों आणि पीक घरीं नेणारे थोडे. लहान वयापासून वर्षानुवर्षें दिवसाचे कित्येक तास सराव, चांगल्या पिसांच्या फुलांचा न संपणारा खर्च, परगांवचा मुक्काम, आणि एक गुडघा किंवा एक खांदा दुखावला कीं सगळेंच अधांतरीं. एकेरींत तर हरल्यावर दोष द्यावयास जोडीदारही नसतो. हें सारें बापाला सांगणें हें माझें कर्तव्यच होतें. माझी चूक ती नव्हे. माझी चूक ही कीं, त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं मीं मुलाला एकही प्रश्न विचारला नाहीं.

मीं त्याला विचारावयास हवें होतें : नांदेडला तूं हरलास तो कशामुळें? या प्रश्नाचें त्याचें उत्तर ऐकून मला पुष्कळ कळलें असतें. जो मुलगा वाऱ्याला, पंचाला, रॅकेटला दोष देतो त्याला मी कदाचित् थांबविलें असतें. जो म्हणतो, 'सर, त्यानं मला मागं मागं पळवलं आणि माझी पावलं चुकली,' त्याला मीं बापाकडून दोन वर्षें मागून दिलीं असतीं. शाळा सुटणार नाहीं, परीक्षा बुडणार नाहीं, आणि दोन वर्षांनीं पुनः तिघांनीं बसून विचार करावयाचा, एवढ्या तीन अटी घातल्या असत्या. त्यांत पोट भरण्याचें वचन नव्हतें; पण मुलाला स्वतःचें माप स्वतः घेण्याची संधि होती.

नाटेकरांचें निधन झालें त्यानंतर चौथ्या दिवशीं, १ ऑगस्ट २०२१ रोजीं, तोक्यो येथें पी. व्ही. सिंधूनें ऑलिंपिकचें कांस्यपदक जिंकलें. तिचें तें दुसरें ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वर्षीं, १५ मे २०२२ रोजीं, बँकॉक येथें भारतानें इंडोनेशियाला ३–० असें हरवून थॉमस चषक प्रथमच आपल्या देशांत आणला. त्या संघांत मुंबईचा चिराग शेट्टी होता. ज्या चषकासाठीं नाटेकर दहा वर्षांहून अधिक काळ झटले, तो येण्यास त्यांना आणखी दहा महिने थांबावें लागलें असतें. तेवढें आयुष्य त्यांना लाभलें नाहीं. परंतु जिनें तो चषक आणला त्या पिढीच्या मागें कोण कोण उभे होते, हें मोजूं लागलें तर सांगलीच्या त्या तरुणाचें नांव अगदीं आरंभीं घ्यावें लागतें.

श्रोतेहो, एवढेंच सांगून मीं भाषण संपविलें असतें. पण गोष्टीचा शेवट अजून राहिला आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या दुकानामागें त्याचें खताचें गोदाम आहे. उन्हाळ्यांत तें रिकामें असतें. तेथें त्यानें खडूनें रेघा आंखल्या आहेत, आणि संध्याकाळीं गल्लींतलीं आठ-दहा मुलें तेथें खेळतात. त्यांत त्याची सातवींतली मुलगीही आहे. मागच्या उन्हाळ्यांत मी तिकडे गेलों असतां तो मला म्हणाला, "सर, ही चांगली खेळते. जिल्ह्याला जाऊन हरून आली. आता पुन्हा जायचं म्हणते. तुम्ही काय म्हणता?"

तोच प्रश्न, त्याच घरांतून, तीस वर्षांनीं. या वेळीं मीं त्याच्याकडे न पाहतां मुलीकडे पाहिलें आणि विचारलें, "बाळ, तू कशामुळं हरलीस?"

ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "आजोबा, ती मुलगी मला पुढं बोलवायची अन् फूल मागं टाकायची. मला कळायचं, पण पाय वळायचे नाहीत." एवढें बोलून ती पुनः रेघेच्या आंत जाऊन उभी राहिली.

"सर?" तिच्या वडिलांनीं विचारलें.

मी म्हणालों, "पोट भरेल की नाही, मला माहीत नाही. पण तिला जाऊ दे."

'मला माहीत नाही' हे तीन शब्द मीं चाळीस वर्षांच्या नोकरींत फळ्यासमोर उभें राहून एकदांही उच्चारले नव्हते. आपल्यापैकीं जे शिक्षक असतील, आईबाप असतील, त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, जेथें खरोखरच ठाऊक नसेल तेथें हे शब्द वेळेवर उच्चारावे. ते उच्चारले तर समोरच्या मुलाला निदान पुढचा सामना तरी खेळावयास मिळतो.